"कमिशनसाठी पहाटेचं विमान गळ्यात मारलं" या तुमच्या वाक्याबद्दल

नमस्कार दादा,

आमच्याकडून केलेल्या दिल्ली-आग्रा-जयपूर सहलीबद्दलचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. धुक्याने अडलेल्या दिल्लीच्या विमानासाठी चार वर्षांच्या मुलीला घेऊन पहाटे चारपासून दुपारी दोनपर्यंत पुण्याच्या विमानतळावर बसणं म्हणजे काय, हे मला कळतं, माझ्याही घरात लहान मूल आहे. तुमच्या सुट्टीचा पहिला दिवस वाया गेला, ताजमहाल आतून बघायचा राहिला, मुलांचे हाल झाले. याबद्दल मनापासून माफी मागते. पहाटेचे तुमचे तीन फोन (५.५२, ६.२० आणि ६.४१) मी घेतले नाहीत, हेही खरं आहे. आदल्या रात्री आमचा दुसरा ग्रुप अमृतसरहून परतला, त्यांची गाडी उशिरा आली, सगळ्यांना घरी पोचवेपर्यंत दोन वाजले आणि माझा फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला राहून गेला. आपली माणसं पहाटे निघणार आहेत हे माहीत असताना असं व्हायला नको होतं. ही चूक माझी.

पण "यांनी कमिशनसाठी पहाटेचं विमान आमच्या गळ्यात मारलं" हे वाक्य वाचून मला रात्री झोप लागली नाही. अकरा वर्षं आम्ही नवरा-बायको मिळून हे सहलींचं काम करतोय. ऑफिस म्हणजे दहा बाय बाराची एक खोली. जाहिरातीला पैसे नसतात, एकाचं ऐकून दुसरा येतो, त्यावरच घर चालतं. म्हणून या एका वाक्याचं उत्तर जरा सविस्तर देते.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही आणि वहिनी ऑफिसात आला होतात. दिल्ली-आग्रा-जयपूर, गुरुवार ते रविवार, माणसं चार. तेव्हा मी दोन पर्याय दिले होते. पहिला, बुधवारी संध्याकाळच्या विमानाने निघायचं, रात्री दिल्लीत मुक्काम करायचा आणि गुरुवारी सकाळी नाश्ता करून आग्र्याला जायचं. दुसरा, गुरुवारी पहाटे ६.०५ च्या विमानाने दिल्ली आणि तिथून थेट आग्रा. संध्याकाळचं तिकीट माणशी १,३५० रुपयांनी जास्त होतं, म्हणजे चौघांचे ५,४००. दिल्लीतल्या हॉटेलचे ३,२००. एकूण फरक ८,६०० रुपये. मी पहिला पर्याय घ्या म्हटलं होतं. त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्ही पर्याय लिहून पाठवले आणि खाली लिहिलं, "डिसेंबरअखेर दिल्लीत पहाटे धुकं असतं, लहान मुलं आहेत, शक्यतो बुधवारी निघा." त्यावर तुमचं उत्तर आलं, "नुसतं झोपायला ८,६०० कशाला? पहाटेचंच करा." तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. तुमच्या खाजगी गोष्टी इथे चव्हाट्यावर मांडायच्या नाहीत म्हणून तो टाकत नाही.

आता कमिशनचं. देशातल्या विमानाच्या तिकिटामागे आम्ही २०० रुपये सर्व्हिस चार्ज घेतो. तिकीट पाच हजारांचं असो की आठ हजारांचं, पहाटेचं असो की संध्याकाळचं, २०० म्हणजे २००. तुमच्या बिलावर ती ओळ वेगळी छापलेली आहे. उलट दिल्लीचा मुक्काम घेतला असता तर हॉटेलमागे आम्हाला थोडेफार सुटले असते. तुम्ही पहाटेचं घेतलंत तेव्हा आमचं उत्पन्न कमीच झालं आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. पैसे तुमचे, निर्णय तुमचा. पण तो निर्णय माझ्या नावावर टाकू नका, एवढंच.

"पुण्यात तर लख्ख चांदणं होतं, धुक्याचं कारण खोटं" असंही तुम्ही लिहिलंय. हा प्रश्न दर हिवाळ्यात दहा जण विचारतात, म्हणून सांगते. धुकं त्या दिवशी पुण्यात नव्हतं, दिल्लीत होतं. तिथे ते मध्यरात्रीनंतर दाटतं आणि बहुतेक वेळा नऊ-दहानंतर ऊन वर आलं की विरायला लागतं. धावपट्टीवर ५० मीटरपर्यंतच दिसत असलं तरी विमान उतरवता येईल अशी यंत्रणा दिल्लीला आहे, पण त्यासाठी विमानही तसं लागतं आणि वैमानिकाचं तसं प्रशिक्षणही झालेलं लागतं. आणि निघायला तर १२५ मीटर दिसावं लागतं. तेवढं दिसलं नाही की उतरलेली विमानं तिथेच अडतात, उभं करायला जागा उरत नाही आणि इकडे पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून विमान सोडतच नाहीत. त्यात वैमानिकांच्या ड्यूटीचे तास मोजलेले असतात. ते वाट बघण्यातच संपले की दुसरे येईपर्यंत थांबायचं. अकरा वाजता तुमच्या विमानाचं नेमकं हेच झालं. काउंटरवर तसं सांगितल्याचं तुम्हीच मला फोनवर म्हणालात.

७.०५ ला मी तुम्हाला उलट फोन केला. तिथून दुपारी विमान सुटेपर्यंत आपलं चौदा वेळा बोलणं झालं. "कंपनीने हात वर केले" असं लिहिताना हे चौदा फोन तुम्ही विसरलात. ७.१२ ला मी नियम लिहून पाठवला होता. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचं विमान दोन तास किंवा जास्त उशिरा सुटणार असेल, तर विमान कंपनीने खाणं-पिणं द्यायचं असतं. उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल, तर दुसरं विमान नाहीतर पूर्ण पैसे परत. हा डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा नियम आहे, विमान कंपनीची मेहेरबानी नाही. काउंटरवर जाऊन मागा, असं मी दोनदा सांगितलं. रांग मोठी होती, तुम्ही दमला होतात, मुलगी मांडीवर झोपली होती, मला सगळं समजतं. पण खाण्याचं कुपन घरी बसून मी कशी घेणार? विमानतळावरच्या उपम्याच्या किमतीचा राग तुम्ही आमच्यावर काढलात, त्याने वाईट वाटलं.

ताजमहालाबद्दल. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, हे तुमच्या कार्यक्रमाच्या कागदावर लिहिलेलं आहे. म्हणून तर गुरुवारी दुपारी तो ठेवला होता. विमान दिल्लीला ४.०५ ला उतरलं, सामान घेऊन बाहेर यायला पाच वाजत आले. सूर्यास्ताआधी अर्धा तास प्रवेश बंद होतो, त्या दिवशी तो मिळणं शक्यच नव्हतं. आमच्या ड्रायव्हरने "उगाच गाडी हळू चालवली" असं तुम्ही लिहिलंत. दादा, यमुना एक्सप्रेस वेवर १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी कारची वेगमर्यादा १०० वरून ७५ केलेली असते, धुक्यासाठीच. अंधारात, धुक्यात, मागच्या सीटवर दोन मुलं झोपलेली असताना तो ६० ने चालवत होता, तर मी त्याला शाबासकी दिली आहे. तो माणूस सकाळी आठपासून तुमची वाट बघत होता, तेही लक्षात घ्या.

त्याच रात्री मी एक मार्ग सुचवला होता. शुक्रवारी आग्र्यालाच राहा, शनिवारी उजाडताना ताज बघा, दोन वाजेपर्यंत जयपूर गाठा, आमेरचा किल्ला रविवारी सकाळी करा, परतीचं विमान संध्याकाळचंच होतं. आग्र्याच्या जादा रात्रीचे २,९०० होणार होते, त्यातले अर्धे आम्ही भरतो म्हटलं. तुम्ही नको म्हणालात, कारण जयपूरच्या हॉटेलची ती रात्र बुडणार होती. ठीक आहे. मग शुक्रवारी सकाळी आग्र्याचा किल्ला दाखवला. बाहेर महाराजांच्या पुतळ्यापाशी गाडी थांबवली. आग्र्याला गेलेलं मराठी कुटुंब त्या पुतळ्यासमोर उभं राहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं मला वाटतं. १६६६ साली महाराज याच किल्ल्यातल्या दरबारात ताठ मानेने उभे राहिले होते. नंतर ड्रायव्हरने स्वतःहून यमुनेपलीकडे मेहताब बागेत नेलं, तिथून ताज समोर दिसतो. तुम्ही लिहिलंय, "लांबून ताज दाखवून बोळवण केली." त्या दुपारी वहिनींनी मला फोटो पाठवले होते आणि खाली लिहिलं होतं, "मुलं खूश आहेत, थँक्यू ताई." मी ते माझ्या सासूबाईंनाही दाखवले होते.

आता आमची बाजू कुठे कमी पडली तेही सांगते. "धुकं असतं" असं मी लिहिलं, पण "धुकं पडलं तर तुमचा ताज चुकेल" असं स्पष्ट शब्दांत लिहिलं नाही. ते लिहायला हवं होतं. कदाचित मग तुम्ही वेगळा विचार केला असता. पुढच्या हिवाळ्यापासून पहाटेच्या दिल्ली विमानांबाबत लेखी काहीतरी करायचं ठरवतोय. रात्रीच्या फोनसाठीही माझ्याशिवाय दुसरं कुणीतरी असेल, असं बघते. वेटिंगचे म्हणून ड्रायव्हरने तुमच्याकडून १,२०० रुपये घेतले. ते नियमाप्रमाणे बरोबर होते, पण विमानाचा उशीर तुमच्या हातात नव्हता. ते पैसे आज दुपारी तुमच्या खात्यावर परत टाकले आहेत. रिव्ह्यू बदलावा म्हणून टाकलेले नाहीत.

तुमच्या मुलीची गुलाबी कानटोपी गाडीत राहिली होती. पुढच्या ग्रुपबरोबर ती पुण्याला आली आहे, धुऊन ऑफिसात ठेवली आहे. कधीही या, नाहीतर माझ्या मिस्टरांबरोबर घरी पाठवते.

एकच स्टार दिलाय, तो तसाच राहू द्या. उशिराचं, फोनचं, ताज राहिल्याचं जे लिहिलंत तेही राहू द्या, ते तुम्ही भोगलंय. फक्त कमिशनचं ते वाक्य तेवढं काढा. तुमच्या सोसायटीतली तीन कुटुंबं एप्रिलमध्ये आमच्याबरोबर काश्मीरला येणार होती. त्यातल्या एका ताईंचा आज सकाळी फोन आला आणि त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला.