कुकरच्या शिट्टीवर बायोडिझेल होत नाही

'तळणीचं उरलेलं तेल, मिथेनॉल (नसेल तर सॅनिटायझर) आणि मूठभर कॉस्टिक सोडा कुकरमध्ये घाला, पाच शिट्ट्या करा, ट्रॅक्टरचं डिझेल तयार!' हा व्हिडिओ फिरत फिरत मामांपर्यंत पोहोचला आणि त्यांनी माळ्यावरून जुना कुकर काढलासुद्धा. मामा, तो आधी परत वर ठेवा.

मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं. कुकर त्याच्या कितीतरी वर जातो, म्हणजे शिट्टीतून मिथेनॉलची वाफ सुटणार आणि खाली गॅस पेटलेला. ही वाफ आपल्याकडच्या साध्या हवेतही पेट घेते आणि तिची ज्योत दिवसा धड दिसतही नाही. वर कुकर ॲल्युमिनियमचा. कॉस्टिक त्याला खातो आणि हायड्रोजन सोडतो. हा घरात स्फोट घडवायचाच बेत झाला.

व्हिडिओतल्या 'जितकं गरम, तितकं लवकर' यात थोडं तथ्य आहे, नाही म्हणत नाही. फ्रीडमन, प्राइड आणि माउंट्स यांच्या १९८४ च्या शोधनिबंधात ६० अंशांना तासाभरात ९३ ते ९८ टक्के एस्टर (म्हणजेच बायोडिझेल) मिळालं. पण ३२ अंशांनाही चार तासांत काम झालंच. उकळवायची गरजच नाही. मिथेनॉलचं तेलाशी प्रमाण ६:१, पण ते रेणूंच्या संख्येचं; मापात लिटरभर तेलाला साधारण २५० मिली. तेल कोरडं हवं आणि त्यातली मोकळी आम्लं (तेलापासून सुटी झालेली मेदाम्लं) अर्ध्या टक्क्याच्या आत हवीत, ही त्यांची अट व्हिडिओवाल्यानं गाळली.

सॅनिटायझरमध्ये तीस टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. त्यातून डिझेल नाही, साबण होईल.

'मूठभर' कॉस्टिकचंही तेच. ताज्या तेलाला लिटरमागे साडेतीन ते पाच ग्रॅम पुरतो. तळणीच्या तेलाला किती वाढवायचा ते मोजावं लागतं: १ मिली तेल १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलात विरघळवा, चिमूटभर हळद टाका आणि लिटरला १ ग्रॅम कॉस्टिक असलेलं पाणी थेंबथेंब सोडा. रंग लाल होऊन टिकेपर्यंत जितके मिली लागले, तितके ग्रॅम लिटरमागे जास्त. याहून जास्त घातलात तर तयार बायोडिझेल पाण्यानं धुताना सगळं दह्यासारखं फाटेल आणि थर सुटणार नाहीत.

तळणीच्या तेलाचं बायोडिझेल होतं, हे मात्र खरं. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची 'रुको' योजना २०१८ पासून त्यासाठीच आहे.

व्हिडिओतलं 'धुवायची गरज नाही' हेही खोटं. क्रियेत बायोडिझेलबरोबर तयार होणारं ग्लिसरीन रात्रभर खाली बसू द्या, काढून टाका, मग धुवा, वाळवा. त्यानंतर ३ मिली बायोडिझेल २७ मिली मिथेनॉलमध्ये हलवून पाहा. तळाशी तेल साचलं, तर क्रिया अर्धवट आहे. ते ट्रॅक्टरच्या टाकीत घालू नका.