‘प्लगइन उडवा, प्रश्न संपला’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, एवढं सविस्तर लिहिलंत त्यामुळे माझंही एका ओळीत भागणार नाही. सर्व्हरवरचा माझा व्हिम (टर्मिनलमध्ये चालणारा टेक्स्ट एडिटर) उघडायला तीन सेकंद घेत होता, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं की व्हिम उघडायला वेळ लागला की प्लगइन (वरून जोडलेल्या जादा सोयी) उडवायचे, एसएसडी (वेगवान डिस्क) टाकायची, तरी नाही जमलं तर निओव्हिमवर (व्हिमच्याच नव्या अवतारावर) जायचं, आणि मिलिसेकंद मोजत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग.

आधी एसएसडीचं बघू. डिस्क हळू असेल तर पहिल्यांदा उघडताना वेळ जातो, पण लगेच बंद करून परत उघडलं की त्याच फायली लिनक्स मेमरीतल्या कॅशमधून देतं, मग फटकन उघडायला पाहिजे ना? माझ्याकडे लागोपाठ कितीही वेळा उघडा, तेवढाच वेळ. मग वेळ मोजणारी टाइम कमांड लावून व्हिम उघडून लगेच बंद केला तर रियल, म्हणजे घड्याळातला एकूण वेळ, ३ सेकंदांच्या वर आणि युजर-सिस, म्हणजे प्रोसेसरनं प्रत्यक्ष काम केलेला वेळ, मिळून पाव सेकंदही नाही, म्हणजे प्रोसेसर बिचारा काही करतच नव्हता, कोणाची तरी वाट बघत बसलेला. आता एखादा प्लगइनसुद्धा नेटवर्कची वाट बघत बसू शकतो, म्हणून डॅश यू नन (-u NONE) देऊन उघडला, यात व्हिमआरसी (व्हिमच्या सेटिंगची फाईल) नाही की प्लगइन नाही. तरी तेच! तिथेच तुमचा पहिला उपाय बाद झाला.

खरं उत्तर स्टार्टअपटाइमच्या लॉगमध्ये होतं, म्हणजे --startuptime देऊन उघडल्यावर व्हिम जी नोंद लिहितो तिच्यात. त्यात प्रत्येक टप्प्याची एक ओळ येते, सुरुवातीला एकूण गेलेला वेळ मिलिसेकंदात. सगळ्या ओळी चिल्लर आणि मध्येच ‘सेटअप क्लिपबोर्ड’वर आकडा एकदम ३००० नं उडी मारतो. मी सर्व्हरवर एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) करताना डॅश कॅपिटल एक्स देतो, त्यानं सर्व्हरवरचे प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवरच्या एक्सला (लिनक्सवर खिडक्या आणि क्लिपबोर्ड सांभाळणाऱ्या यंत्रणेला) जोडले जातात, आणि तिथला व्हिम एक्सच्या सपोर्टसकट बनवलेला आहे, त्यामुळे तो उघडतानाच क्लिपबोर्डसाठी डिस्प्ले शोधायला जातो, म्हणजे पार माझ्या लॅपटॉपपर्यंत नेटवर्कवरून येऊन परत. त्यात टीमक्सचं (टर्मिनल चालू ठेवणाऱ्या प्रोग्रामचं) सेशन जुनं असलं की डिस्प्लेचा पत्ताही जुनाच राहतो, आणि ते कनेक्शन अर्धमेलं असलं तर पलीकडून कोणी बोलतच नाही. व्हिमला डॅश कॅपिटल एक्स दिलं (हो, एसएसएचला तेच अक्षर चालू करायला आणि व्हिमला बंद करायला, धन्य आहे) की डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडतो. बदल्यात लॅपटॉपच्या क्लिपबोर्डवर थेट कॉपी होत नाही, ते मला चालतं. डेबियन-उबंटूवर साधं व्हिम पॅकेज असेल तर ही भानगडच नाही, एक्सच्या सपोर्टचं व्हिम-जीटीके३ टाकलं की ती येते.

निओव्हिमबद्दल मात्र गंमत आहे. तो स्वतः एक्सला जोडून घेतच नाही, क्लिपबोर्डसाठी एक्सक्लिपसारखं बाहेरचं टूल वापरतो, त्यामुळे तुमच्या सल्ल्यानं माझा एडिटर खरंच पटकन उघडला असता. पण क्लिपबोर्डची सेटिंग अननेम्डप्लस असेल, म्हणजे साधं कॉपी-पेस्टही सिस्टमच्या क्लिपबोर्डवरून होत असेल, तर पेस्ट करताना तोच हेलपाटा! दुखणं उघडण्यावरून पेस्टवर सरकलं असतं आणि मी पुढचे दोन आठवडे भलतीकडेच शोधत बसलो असतो.

प्लगइन कधीच दोषी नसतात असं मी म्हणत नाहीये. व्हिमआरसीत कोणी सिस्टम फंक्शननं गिट (कोडमधले बदल सांभाळणारं टूल) नाहीतर पायथन चालवत असेल तर दर वेळी नवीन प्रोसेस उभी राहते, ते जाणवतंच. पण ते लॉगमध्ये त्या फायलीच्या नावानिशी दिसतं, मग तेवढं एकच काढा ना, सगळी बाग कशाला उपटायची?

आणि ‘एडिटर सकाळी एकदा उघडायचा, बंद कशाला करता’ हे तुमचं वाक्य. गिट कमिट, रिबेस, क्रॉनटॅब (ठरलेल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी), हे सगळे दर वेळी नवा एडिटर उघडतात हो, तिथे तीन तीन सेकंद म्हणजे डोक्याला ताप.

शेवटी तुम्हीच लिहिलंय की प्लगइन काढूनही तुमचा व्हिम अजून रेंगाळतो. मग लॉग काढा, पण आधीची फाईल पुसून, कारण व्हिम जुन्याच फायलीच्या शेवटी नवीन ओळी जोडत जातो आणि दोन वेळचे आकडे एकात एक मिसळतात. ज्या ओळीवर आकडा उडी मारतो ती आणि तिच्या आधीची अशा दोनच इथे टाका, बघतो.