खुंटा, गाय आणि माझा जबडा

मी घोरतो हे बायकोनं लग्नानंतर चौथ्या दिवशी सांगितलं आणि मी ते मान्य केलं बावीस वर्षांनी, तेही तिनं मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकवलं तेव्हा. आधी घाट चढणाऱ्या रिक्षासारखा आवाज, मग एकदम शांतता, आणि त्या शांततेत हिचा हळू आवाज, "अठरा... एकोणीस... वीस..." मग मी फुर्रकन असा उसळलो की ऐकतानासुद्धा दचकलो.

स्लीप स्टडी झाली, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी. निघालं स्लीप ॲप्निया, झोपेत श्वास अडण्याचा आजार, आणि आकडा आला 19. म्हणजे दर तासाला 19 वेळा श्वास थांबतो नाहीतर अर्धवट अडतो, आणि तो निदान दहा सेकंद अडला तरच मोजतात. 15 ते 30 म्हणजे मध्यम. शाळेपासून सगळीकडे मध्यमच आलोय, इथे तरी काय वेगळं होणार! डॉक्टरांनी सीपॅप मशीन दिलं, मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं, ते सगळ्यात खात्रीचं म्हणतात, पण तो मास्क मी रात्री कधीतरी झोपेतच ओढून काढायचो आणि सकाळी तो पलंगाखाली सापडायचा, हवा सोडत. तीन आठवडे असं चाललं, मग त्यांनीच दाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मी म्हणलं अहो घसा बिघडलाय, दात नाही.

डॉक्टरीणबाई मूळच्या गावाकडच्या असाव्यात. म्हणाल्या, घशाच्या त्या भागाला हाडाचा आधार नाही काका, नुसती मऊ नळी आहे, जागेपणी स्नायू तिला ताणून धरतात, झोपलात की ते सैल पडतात आणि जीभ मागे जाऊन वाट अडवते. पण जीभ बांधलेली कुठे असते? हनुवटीच्या हाडाला, आतून. खुंट्याला गाय बांधावी तशी. आपण खुंटाच पुढे सरकवायचा, गाय आपोआप पुढे येते. वर गंमत अशी की जबडा पुढे आला की टाळूच्या मागची वाट बाजूंनीही रुंद होते, कारण जबडा, जीभ, टाळू सगळं एकमेकाला जोडलेलं. हे मला इतकं पटलं की तो गुलाबी लगदा तोंडात कोंबून माप घेताना मी उलटी पण आवरून धरली.

तर दोन्ही जबड्यांवर बसणारं, बाजूला बारके स्क्रू असलेलं ते अप्लायन्स आलं (घरात त्याला 'कवळी' म्हणतात, माझा निषेध नोंदवलेला आहे). माझा जबडा जास्तीत जास्त जेवढा पुढे येतो त्याच्या निम्म्यावर सुरुवात, मग दर काही दिवसांनी स्क्रू किंचित फिरवायचा. उशी लाळेनं ओली, कानापाशी ठणका, आणि सकाळी जबडा जागेवर यायला अर्धा तास, तोवर मागचे दात एकमेकांना भेटतच नाहीत. पोह्यातला शेंगदाणा नुसता या गालातून त्या गालात. पण परत टेस्ट केली तर आकडा 7! ही म्हणाली, मी मोजणं सोडलंय.

मग परवा नागपूरची गाडी. दहा वाजता कवळी चढवली आणि टीसी आला. नाव? "थथिकांत." त्यानं चार्ट पाहिला, मला पाहिलं, परत विचारलं. "थथिकांत कुलकल्नी!" समोरच्या बर्थवरचे गृहस्थ कुतूहलानं उठून बसले. शेवटी आधार कार्ड दाखवून सुटलो.

तेच गृहस्थ मग आडवे पडले आणि मिनिटभरात सुरू. रिक्षा, घाट, शांतता. मी अंधारात मोजायला लागलो, अकरा, बारा, तेरा... फुर्र! एका तासात बावीस झाले. मध्यम! उठवून सांगावं असं फार वाटलं, पण तोंडात कवळी, आणि अपरात्री कुणी हलवून उठवत "थ्लीप ॲप्निया" म्हणालं तर माणूस साखळीच ओढेल. मी रात्रभर जागा.

वर्ध्याला ते ताजेतवाने असल्यासारखे उठले, दोन जांभया दिल्या, म्हणाले, "आपली झोप भारी, पडल्या पडल्या लागते. तुम्ही कुठले हो?" आणि माझ्यापुढे शेंगदाण्याची चिक्की धरली. मी नुकतीच कवळी काढलेली. चावायला गेलो, दात भेटेनात, चिक्की आपली तोंडात फिरतेय.

ते कळवळून म्हणाले, "अरेरे, या वयातच सगळे पडले?"