पेशवाईतल्या क्वेरीबद्दल

टेबलात एकेका खात्याच्या अनेक नोंदी असतील, तर प्रत्येक खात्याची फक्त शेवटची आवृत्ती क्वेरीतून (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातून) कशी काढायची, या माझ्या लेखाखाली एका वाचकाची प्रतिक्रिया आली आहे. त्यांनी नाव लावलेलं नाही. मजकूर साधारण असा:

"ताई, राग मानू नका, पण ही पेशवाईतली क्वेरी आहे. ग्रुप बाय करून मॅक्स काढायचा आणि परत त्याच टेबलाला जॉइन मारायचा, हे आता कोण करतं? सरळ रो नंबर वापरा. शिवाय दोन नोंदींची वेळ एकच असेल तर तुमची क्वेरी दोन्ही ओळी देईल. मुळात टेबलात 'चालू आवृत्ती' असा फ्लॅग ठेवला असता तर ही कसरत लागलीच नसती. असले लेख वाचून मुलं इंटरव्ह्यूत आपटतात."

नवख्यांसाठी सांगते: ग्रुप बाय म्हणजे खात्यानुसार ओळींचे गट करणं, मॅक्स म्हणजे गटातली सर्वांत मोठी (इथे शेवटची) किंमत, जॉइन म्हणजे ती टेबलाशी जुळवून पूर्ण ओळ काढणं, रो नंबर म्हणजे गटातल्या ओळींना क्रमांक देणं आणि फ्लॅग म्हणजे हो-नाही सांगणारा रकाना. खाली त्यांनी स्वतःची क्वेरी दिली आहे. तिच्याकडे येतेच.

आधी ते 'राग मानू नका'. हे म्हणून झालं की पुढे काहीही लिहायची मुभा मिळते, असा आपल्याकडे एक समज आहे. रो नंबर हे एक विंडो फंक्शन, म्हणजे गटातल्या ओळी एकत्र न मिटवता त्यांच्यावर हिशेब करणारं फंक्शन. त्याचा मुद्दा एका ओळीत, सभ्यपणे सांगता आला असता. "ताई, विंडो फंक्शनवरही लिहा" एवढं म्हटलं असतंत तर मी आनंदाने लिहिलं असतं. पण मग पेशवाई काढायची संधी गेली असती. आणि आपटलेल्या मुलांचं खापर माझ्या डोक्यावर कशाच्या आधारावर? त्यांनी माझा लेख वाचला होता, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

एक गोष्ट मान्य. लेखातलं एक्स्प्लेनचं (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते दाखवणाऱ्या आदेशाचं) चित्र मोबाइलवर वाचता येत नाही. ते बदलते.

आता पेशवाई. ती १८१८ मध्ये बुडाली. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये विंडो फंक्शन आलं २०१८ मध्ये, आठव्या आवृत्तीत. बरोबर दोनशे वर्षांचं अंतर आहे, तेव्हा उपमा निवडताना थोडा हिशेब करावा. एसक्यूएल या क्वेरीच्या भाषेच्या मानकात ही फंक्शनं २००३ पासून आहेत, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसने ती २००९ मध्ये घेतली, ओरॅकलवाले तर त्याही आधीपासून वापरत होते. पण मी लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं की सर्व्हरवर मायएसक्यूएल ५.७ आहे. त्यावर रो नंबर लिहिलात तर सिंटॅक्स एररच येते. 'आता कोण करतं' याचं उत्तर हे, की ज्यांच्याकडे जुना सर्व्हर आहे ते सगळे करतात.

आणि असे लोक कमी नाहीत. मी नोकरीची सुरुवात पतसंस्थांना सॉफ्टवेअर देणाऱ्या एका छोट्या कंपनीत केली. सर्व्हर म्हणजे मॅनेजरच्या टेबलाखालचा एक पीसी. तिथे खातेदाराचा पत्ता बदलला की जुनी ओळ पुसायची नाही, नवी टाकायची, असा नियम होता, कारण ऑडिटर मागचं सगळं मागायचा. त्या काळी आमच्याकडे एक फार लाडकी पळवाट होती. आत ऑर्डर बाय (ओळी क्रमाने लावणं), बाहेर ग्रुप बाय, की पहिली ओळ म्हणजे शेवटची आवृत्ती! मायएसक्यूएल कुरकुर न करता उत्तर द्यायचं, पण बाकीच्या रकान्यांत कोणत्या ओळीतलं काय येईल याची काही हमी नसायची. नोटिसा जुन्या पत्त्यांवर गेल्या आणि शिव्या मी खाल्ल्या. ५.७ मध्ये ती सूट मूळ सेटिंगमध्येच बंद ठेवली गेली, तेव्हा अर्ध्या रिपोर्टांनी माना टाकल्या आणि ते मी मॅक्स-जॉइनने पुन्हा उभे केले. तुम्ही ज्याला पेशवाई म्हणता ते माझ्या हातून घडलेलं काम आहे, पाठ करून आलेलं उत्तर नव्हे.

वेगाबद्दलही सांगते, तुम्ही विचारलं नसलं तरी. खाते क्रमांक आणि आवृत्ती या दोन रकान्यांवर मिळून इंडेक्स (शोधासाठीची क्रमवार सूची) असेल तर मायएसक्यूएल प्रत्येक खात्याचा मॅक्स इंडेक्समधून उड्या मारत काढू शकतं. रो नंबर मात्र सगळ्या ओळींना क्रमांक देतं आणि मग एक सोडून बाकीच्या फेकायला सांगतं. इतिहास लांबलचक असेल तर हा फरक जाणवतो.

आता तुमची क्वेरी. आतल्या भागात तुम्ही स्थिती 'चालू' अशी वेअर (ओळी गाळणारी अट) लावली आहे, तिथेच रो नंबर काढलंय आणि बाहेर क्रमांक एक घेतलाय. समजा एका खात्याच्या तीन ओळी आहेत. पहिल्या आवृत्तीत खातं चालू, दुसरीत पत्ता बदलला पण खातं चालूच, तिसरीत बंद. तुमची वेअर तिसरी ओळ आधीच गाळते, मग दुसरीला क्रमांक एक मिळतो, आणि बंद झालेलं खातं चालू म्हणून यादीत येतं. सातबाऱ्यावरचा शेवटचा फेरफार विक्रीचा आहे म्हणून तो बाजूला ठेवायचा आणि जुन्या मालकालाच मालक म्हणायचं, तसलं हे. आधी शेवटची ओळ निवडायची, गाळणी नंतर, बाहेर लावायची. हा घोळ मॅक्समध्येही होतो, रो नंबरमध्येही होतो, आणि माझ्या लेखात त्यावर अख्खा एक परिच्छेद होता. तो वाचण्याआधीच तुमचा हात प्रतिक्रियेच्या चौकटीकडे गेला असावा.

राहिली वेळ एकच असण्याची गोष्ट. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. मायएसक्यूएलचा डेटटाइम वेगळं सांगितलं नाही तर सेकंदापर्यंतच वेळ धरतो, त्यामुळे असं घडू शकतं. पण तिथे तुमचं रो नंबर तरी काय करतं? दोनातली एक ओळ उचलतं, आणि कोणती ते तुम्ही ऑर्डर बायमध्ये दुसरा रकाना दिल्याशिवाय ठरत नाही. तुम्ही तो दिलेला नाही. निदान माझ्या क्वेरीत दोन ओळी दिसतात आणि माणूस सावध होतो.

फ्लॅगबद्दल कधीतरी स्वतंत्र लिहीन. तूर्त एवढंच, की दुसऱ्याच्या चालू टेबलात रकाना घालायची परवानगी मिळवून दाखवा, मग बोलू.

तुमच्या क्वेरीतली वेअर बाहेर काढा आणि आधीच्या यादीशी ओळींची संख्या ताडून बघा. फरक किती आला ते इथे लिहिलंत तर बाकीच्यांनाही उपयोग होईल. फक्त क्वेरी टाकताना ओळी तोडून टाका. सगळी एका ओळीत चिकटवलेली होती, ती उलगडून वाचण्यातच माझा चहा गार झाला.