सगळ्यांसारखाच फोटो काढा

कॅमेरा घेतलात? छान केलंत. हप्ते किती महिन्यांचे आहेत, ते विचारत नाही. एकच पथ्य सांगतो: स्वतःची शैली म्हणून जी काही भानगड असते, ती वाढे फाट्याच्या अलीकडे आणू नका. साताऱ्यात तिला गिऱ्हाईक नाही.

लग्नाआधी जोडप्याचे फोटो काढायला जागा शोधत हिंडू नका, त्या ठरलेल्या आहेत. लिंबची बारामोटेची विहीर, मेणवलीचा घाट आणि सप्टेंबरात कास. विहिरीच्या पायऱ्यांवर ती वर, तो खाली, ओढणी भिरकावायला पोऱ्या कोपऱ्यात. आधीचं जोडपं ज्या पायरीवर उभं होतं, तीच धरा. पायरी बदललीत तर नवरीची मैत्रीण विचारणार, "ही कुठली विहीर गं?" कासचं पठार २०१२ साली जागतिक वारशात गेलं, पण ते फुलांसाठी. तिथलं 'सीतेची आसवे' हे जांभळं फूल टिपायचं तर जमिनीला पोट टेकून झोपावं लागतं. तुम्ही झोपाल, फूल झकास येईल, जोडपं मागं धूसर पडेल. पैसे फूल देत नाही.

ते 'गोल्डन अवर'चं खूळही डोक्यातून काढा. लग्न लागतं दुपारी साडेबाराला, ऊन डोक्यावर आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख. तो सोनेरी उजेड आपल्या पूर्वजांनाही कळत होता. त्याला गोरज म्हणायचे, मुहूर्तही धरायचे. पण गोरजावर लग्न लावलं तर पंगती लांबतात आणि कराडच्या पाहुण्यांची शेवटची एसटी जाते.

१.८ ची, म्हणजे तोंड मोठं उघडणारी लेन्स आणलीत ना? ती एकट्या नवरीसाठी. स्टेजवर दोन रांगांत वीस माणसं असताना लेन्स तेवढी उघडी ठेवलीत, तर पुढची रांग लखलखीत आणि मागचे थोरले मामा धुक्यात. कार्यालयाचं भाडं बहुतेक वेळा थोरल्या मामांनीच भरलेलं असतं. आकडा आठवर न्या, फ्लॅश भडकवा, सगळे भिंतीला चिकटवल्यासारखे येऊ देत. अल्बम उघडला की लोक उजेड बघत नाहीत, माणसं मोजतात.

मोकळ्या महिन्यांत फ्लेक्स आहेतच. हात जोडून एक, गॉगल लावून एक, कानाला फोन धरून एक. फोनवर कोण आहे, ते विचारायचं नाही.

हे सगळं मला उशिरा कळलं. एका लग्नात अक्षता पडताना शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर ठेवायचं सोडून तिसाव्या भागावर ठेवलं. तांदळाच्या रेघा झाल्या, जोडप्यावर जणू पाऊसच. आठवडाभर मी तो फोटो उघडून बघत होतो. नवरीच्या वडिलांनी दोन सेकंद बघितला. "हललाय. हात कापतो काय तुमचा?" उरलेले पैसे त्या कापण्यापायी दोन महिने अडकले.

त्याच घरी हळदीच्या आदल्या दिवशी नवरीची आजी चुलीपुढं बसलेली होती. दारातून आलेला उजेड एका गालावर, धूर तिरपा, हातात फुंकणी. तो फोटो अल्बमात घेऊच दिला नाही. "म्हातारी काळी आलीय."

गेल्या पावसाळ्यात तेच गृहस्थ दुकानात आले. आजी गेल्या होत्या, तेराव्याला फोटो पाहिजे होता. स्टेजवरचे सगळे दाखवले. मान हलवत राहिले. मग हळूच म्हणाले, "तो चुलीपुढचा आहे का हो? त्यात आई आईसारखी दिसती."

खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. फाइल काढली, स्क्रीनवर मोठी केली. बराच वेळ बघत बसले. डोळे पुसले.

"चूल काढता येईल का? धूर पण. मागं निळं टाका. आणि जरा गोरी करा."

तासाभरात करून दिलं. पैसे जागेवर मिळाले.