राज्य दिलं होतं, ते गेलं कुठे?

रविवारची मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) सुटली की वसईत आमचा कट्टा भरतो. या वेळी ठिणगी टाकली कॉलेजातल्या पोराने.

"निसर्गाची वाट लावायचं लायसन्स बायबलनेच दिलंय. उत्पत्तीचा पहिलाच अध्याय बघा. मासे, पाखरं, जनावरं, सगळ्यांवर सत्ता चालवा! लिन व्हाइट या इतिहासकाराने १९६७ मध्ये 'सायन्स'मध्ये हाच आरोप केला होता."

मास्तर शांतपणे म्हणाले, "पान उलट. दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो ते मशागत आणि राखण करायला. पहिल्यातही सत्ता दिल्यावर लगेच खायला काय दिलं? धान्य आणि फळं. मांसाची मुभा जलप्रलयानंतर, आणि तिथेच लिहिलंय की आता प्राणी तुमची धास्ती घेतील. राजाला बघून प्रजा पळायला लागली, मग राज्य उरलं कुठे?"

"सत्ता गेली कशी म्हणता?" वाडीवाला मध्येच बोलला. "मोटारी लावून गोडं पाणी उपसलंच ना आपल्या लोकांनी? टँकर भरभरून विकलं. विहिरी खारट झाल्या त्या कुणाच्या सत्तेने?"

मला वाटतं, खरी मेख इथेच आहे. आदाम कारभारी होता, मालक व्हायला गेला. ताकद त्याच्याकडे राहिली, पण अधिकार गेला, म्हणून जमीन काटे-कुसळं देऊ लागली. बायबलमधल्या होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकाचा चौथा अध्याय तर अंगावर येतो. लोक खोटं बोलतात, रक्त सांडतात आणि त्यापायी रानातली जनावरं, आकाशातली पाखरं, समुद्रातले मासे नाहीसे होतात. ज्यांची राखण सोपवली होती, नेमके तेच!

"म्हणजे आता स्वर्गाची वाट बघत बसायचं?" पोरगा.

"अजिबात नाही," मास्तर म्हणाले. "बायबलच्या नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रात आठवं स्तोत्र घेतलंय, देवाने सगळं माणसाच्या पायाखाली ठेवलं म्हणणारं. सगळं माणसाच्या अधीन झालेलं अजून दिसत नाही, पण येशू दिसतो, असं तिथे म्हटलंय. तो कसा राजा? शिष्यांचे पाय धुणारा. गेलेलं राज्य त्याच्या रीतीनेच परत मिळणार. आपले धर्मगुरू फादर दिब्रिटो वसईची हिरवाई वाचवायच्या 'हरित वसई' लढ्यात उतरले, तेव्हा केवढ्या धमक्या आल्या! पण मागे हटले नाहीत."

"एक दिब्रिटो. बाकीची शतकं?" पोराने विचारलं.

याला उत्तर सोपं नव्हतं. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात कबूल केलंय, की ख्रिस्ती लोकांनी काही वेळा शास्त्राचा चुकीचा अर्थ लावला. मी ते सांगितलं. पोरगा म्हणाला, "कबुली पोपनी दिली. पण विहिरीचं पाणी विकलं, हे पाप आपल्यापैकी कुणी कन्फेशनमध्ये कधी सांगितलंय?"

वाडीवाला म्हणाला, "माझ्या बापाने विकलं होतं. त्याला ते पाप वाटलंच नाही, कुणी तसं सांगितलंही नाही."

मास्तरांनी पुढच्या रविवारी आपल्या चर्चच्या फादरांनाच कट्ट्यावर बोलवायचं ठरवलं. प्रश्न पोरानेच विचारायचा, असंही ठरलं.