‘अभ्यास सांभाळून महिन्याला २५ हजार’वाल्या मेसेजला माझं उत्तर

मागच्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवरून आला, त्यातला एक ग्रुप आमच्या भावकीचा, एक कॉलनीचा आणि दोन कॉलेजच्या पोरांचे. ‘विद्यार्थी मित्रांनो, घरून पैसे मागायची लाज वाटते? रोज फक्त दोन तास द्या, अभ्यास सांभाळून महिन्याला २५ हजार कमवा, सात सोपे मार्ग, पहिली कमाई आजच्या आज!’ खाली सात मुद्दे, शेवटी हात जोडलेले आणि एक रॉकेट.

माझं संभाजीनगरात एका कॉलेजच्या बाजूला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, अकरा वर्षं झाली. पोरं परभणी, हिंगोली, बीड, जालना कुठून कुठून येतात, रूमचं भाडं, मेस, परीक्षा फी हे सगळं माझ्या काउंटरवरच बोललं जातं. म्हणून हा मेसेज हसून सोडता येईना. आधी आकडाच बघा, पंचवीस हजार भागिले साठ तास म्हणजे तासाला चारशेच्या वर. वाळूजला कंपनीत बारा-बारा तास उभे राहणारे कंत्राटी कामगार माझ्याकडं पगाराच्या स्लिपची प्रिंट काढायला येतात, त्यातल्या बहुतेकांच्या स्लिपवर पंचवीस हजार नसतात, आणि हे मेसेजवाले सेकंड इयरच्या पोराला रोजच्या दोन तासात देणार.

१. ‘घरबसल्या डेटा एंट्री, एका पानाला ४० रुपये’

गेल्या हिवाळ्यात गेवराईकडचं एक पोरगं रात्री शटर खाली ओढायच्या टायमाला आलं. म्हणालं दादा, एक प्रिंट काढायची पण कोणाला सांगू नका. फाइल उघडली तर ‘लीगल नोटीस’, वर तीन सिंहांचा शिक्का, त्याच्या बाजूला तराजू, इंग्रजी सगळं चुकलेलं, आणि मजकूर असा की तुम्ही करार मोडला, आज पाच वाजेपर्यंत ६,८०० रुपये भरा नाहीतर अटक. खाली पैसे भरायला स्कॅनर! मी म्हटलं अरे, कोर्टाच्या नोटिशीवर कुणी स्कॅनर छापतं का, पण ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं, हात थरथरत होते, बापाला कसं सांगू एवढंच चाललेलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आधी रजिस्ट्रेशनचे पंधराशे घेतले. मग पुसट स्कॅन केलेली पानं पाठवली, एवढ्या दिवसात एवढी टाइप करा आणि नव्वद टक्के अचूक पाहिजे, ह्यानं सेमिस्टरची तयारी सोडून रात्र-रात्र जागून टाइप केली. शेवटी ‘क्युसी फेल’, म्हणजे तपासणीत नापास. कुणाचंच पास होत नाही, धंदाच तो आहे, पैसे टायपिंगमध्ये नसतात, रजिस्ट्रेशनमध्ये आणि नंतरच्या धमकीत असतात.

माझा तर हाच धंदा आहे म्हणून सांगतो. माझ्याकडं मराठी टायपिंगचं पान तीस-चाळीस रुपयाला पडतं, त्यात लाइट, भाडं, कागद सगळं आलं, आणि स्कॅनमधून मजकूर उचलायला आता साधा मोबाईल अर्धा मिनिट घेतो. मग कोणती कंपनी अनोळखी पोराला चाळीस रुपये पान देईल? नंबर ब्लॉक केला, स्क्रीनशॉट ठेवून तक्रार टाकली. आजपर्यंत कुणी अटक करायला आलं नाही. पंधराशे मात्र गेले ते गेलेच.

२. ‘व्हिडिओ लाइक करा, एका लाइकचे ५० रुपये’

हे खरं वाटतं कारण पहिले दीडशे रुपये खरंच येतात. तिथंच माणूस फसतो. मग टेलिग्रामच्या ग्रुपात घेतात, तिथं बाकीचे सगळे ‘मला आले, मला आले’ म्हणून स्क्रीनशॉट टाकत असतात, ते सगळे त्यांचेच. मग ‘प्रीपेड टास्क’: हजार भरा, तेराशे घ्या. तेही येतात. मग पाच हजार, मग वीस, आणि तिथून पुढं स्क्रीनवर बॅलन्स वाढतो पण काढायला गेलं की आधी टॅक्स भरा म्हणतात. आमच्या बाजूच्या मेसमधल्या एका पोरीचे परीक्षा फीसाठी ठेवलेले पैसे असेच गेले. असं झालं तर रडत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा, पैसे एका खात्यातून दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात उड्या मारायच्या आत कळवलं तर अडवता येतात, दोन दिवसांनी कळवून उपयोग फार थोडा.

३. ‘ऑप्शन ट्रेडिंग, सकाळी एक तास, रोज हजार फिक्स’

फिक्स हा शब्द बाजारात कुणी वापरला की तिथून उठायचं. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीनंच सप्टेंबर २०२४ मध्ये हिशेब जाहीर केलाय: २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या साध्या लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर, खर्च धरून एक लाखाच्या वर नफा झालेले फक्त एक टक्का. आणि मला सगळ्यात खुपलेला आकडा वेगळाच, तो म्हणजे ह्या सट्ट्यात तिशीच्या आतल्या पोरांचा वाटा एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेला. ही आपलीच लेकरं आहेत, लेक्चरला मागच्या बाकावर मोबाईल मांडीत घेऊन बसलेली. शिकवणारे सर क्लासची फी घेतात ना, रोज हजार फिक्स असते तर फी कशाला घेतली असती?

४. ‘फँटसी टीम लावा, रमी खेळा’

मेसेज इतका जुना आहे की हा मुद्दा कायद्यानंच खोडलाय. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं बंद केलेत. आता जे ऍप लिंकवरून डाउनलोड करा म्हणतं ते चोरीचंच, तिथं जिंकलात तरी मागायला जाणार कुठं?

५. ‘वापरात नसलेलं बँक खातं भाड्यानं द्या, बसल्या जागी ५ हजार’

ह्याच्यावर मी जरा जास्त बोलणार, कारण मुद्दा दोनमध्ये ज्या पोरीचे पैसे गेले ते असल्याच कुठल्यातरी पोराच्या खात्यातून गेले असणार. एटीएम, पासबुक आणि सिम दिलं की झालं, काम काहीच नाही, असं सांगतात. पैसे खात्यात येतात आणि दहा मिनिटांत निघतात, पण नाव तुमचं, आधार तुमचं, सही तुमची. मग कुठल्या तरी लांबच्या राज्यातल्या सायबर पोलिसांचा फोन येतो आणि खातं गोठतं. ‘मला माहीत नव्हतं’ हे सिद्ध करायला तिकडच्या तारखा करायच्या, वकील करायचा, आणि उद्या पोलीस भरतीत किंवा सरकारी नोकरीत चारित्र्य पडताळणी असते तेव्हा हे निघतंच. आमच्याकडं तर निम्मी पोरं भरतीचीच तयारी करतात. वरून आणखी एक, आधार त्याच खात्याला जोडलेलं असलं तर शिष्यवृत्तीही त्या गोठलेल्या खात्यातच जाऊन बसते. पाच हजारासाठी!

६. ‘डिलिव्हरी बॉय बना, आपला टाइम आपली मर्जी’

सातमधला हा एकच निम्मा खरा. काम खरं आहे, पैसे येतात, लाज वाटायचं काही कारण नाही. फक्त हिशेब पूर्ण करा. माझ्या दुकानात बसून एका पोरानं कॅल्क्युलेटरवर लावला: संध्याकाळी सात ते अकरा, आठ ऑर्डर, तीनशे रुपये. पंचावन्न किलोमीटर गाडी फिरली, म्हणजे सव्वाशेचं पेट्रोल. उरले पावणेदोनशे, त्यात टायर, ऑइल, आणि रूमवर आल्यावर पुस्तक उघडायची ताकद शून्य. परभणीत असाल तर आणखीन गंमत, पेट्रोलचा डेपो पार मनमाडकडं असल्यामुळं तिथं पेट्रोल राज्यातल्या महागातलं. ज्याचं लायसन आहे, गाडी स्वतःची आहे आणि शनिवार-रविवारच करणार आहे त्यानं करावं. रोज रात्री करून नीट परीक्षेची तयारी होत नाही, दोघांनी करून बघितलंय.

७. ‘यूट्यूब, रील, पॅसिव्ह इन्कम’

करा, हौसेनं करा. पण जाहिरातीतला वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं जाणं, किंवा नव्वद दिवसात शॉर्टला एक कोटी व्ह्यू लागतात, आणि शंभर डॉलर साठल्याशिवाय पैसे हातात येत नाहीत. ‘पहिली कमाई आजच्या आज’मध्ये हे कसं बसवलं ते रॉकेटवाल्यालाच माहीत.

आणि तळाची बारीक ओळ: ‘अर्जंट असेल तर लोन ऍप, पाच मिनिटात पैसे’

तीन हजार मंजूर, फी कापून हातात अठराशे, सात दिवसांनी परत तीन हजार. अठराशेवर आठवड्याला बाराशे, म्हणजे सहासष्ट टक्के. गावचा सावकार महिन्याला पाच टक्क्यानं देतो तरी आपण त्याला शिव्या घालतो. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की ऍपनं मागं कोणती बँक किंवा वित्त कंपनी आहे ते सांगायचं, वर्षाचा सगळा खर्च टक्क्यात दाखवायचा, आणि तुमच्या कॉन्टॅक्टला, फोटोंना हात लावायचा नाही. इन्स्टॉल करतानाच कॉन्टॅक्टची परवानगी मागितली की समजा, उद्या तुमच्या मामाला आणि मॅडमला फोन जाणार आहेत.

आता कुणी म्हणेल दादा, तुम्ही सगळंच खोडलं, मग पोरानं करायचं काय, त्याला तर पैसे आज पाहिजेत. बरोबर आहे. माझा अनुभव असा की निम्म्या पोरांचे पैसे आधीच कुठंतरी अडकलेले असतात आणि त्यांना ते माहीतच नसतं. गेवराईच्या त्या पोराचंच बघा. नोटिशीचं निस्तरल्यावर सहज विचारलं, शिष्यवृत्ती आली का? म्हणे फॉर्म भरलाय की. महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्तीची सरकारी साइट, उघडून बघितलं तर फॉर्म चार महिन्यांपासून ‘सेंड बॅक’ होऊन पडलेला, कारण उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली. कुणी त्याला सांगितलं नाही, त्यानं लॉगिन करून बघितलं नाही. दुसऱ्या एकाचे पैसे निघाले होते पण भलत्याच खात्यात, कारण सिम घेताना दुकानदारानं अंगठा घेऊन पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलेलं आणि आधार तिकडं जोडलं गेलेलं. हे बघायला दोन तास नाही, वीस मिनिटं लागतात.

अनुसूचित जातीच्या ज्या पोरांचा सरकारी वसतिगृहात नंबर लागत नाही त्यांना राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी सरकारची स्वाधार योजना आहे, संभाजीनगरसारख्या शहरात वर्षाला ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी तशीच सावित्रीबाई फुले आधार योजना आली. व्यावसायिक कोर्सच्या ओबीसी, मराठा (एसईबीसी) आणि आर्थिक दुर्बल (ईडब्ल्यूएस) मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल तर, २०२४ पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, तरी फी भरलेल्या मुली अजून येतात माझ्याकडं पावतीची झेरॉक्स काढायला. हे पैसे लवकर येतात असं मी म्हणणार नाही, उशीरच होतो, बोंबा मारायला लागतात, पण ते हक्काचे आहेत आणि ते मिळवायला आधी कुणाला पंधराशे भरावे लागत नाहीत.

राहिलं हातखर्चाचं काम. मला माहीत असलेलं, पोरांनी केलेलं सांगतो. ऑनलाइन परीक्षांच्या सेंटरला दिवसावर पर्यवेक्षक घेतात, बहुतेक शनिवार-रविवार, काम म्हणजे पोरं तपासणं, बसवणं आणि दिवसभर उभं राहणं. लग्नसराईत केटरिंगवाल्यांना वाढपी लागतात, संध्याकाळी सहा ते अकरा, रोख पैसे आणि पोटभर जेवण, मी स्वतः कॉलेजात असताना दोन उन्हाळे केलंय, पायाचे तुकडे पडतात पण पैसे त्याच रात्री हातात. पाचवी ते आठवीची घरगुती शिकवणी, तीन-चार लेकरं, एकाच गल्लीतली, गणित आणि इंग्रजी. ह्याच्याइतकं अभ्यासाला धरून दुसरं काम नाही. विद्यापीठात ‘कमवा आणि शिका’ आहे, लायब्ररीत नाहीतर ऑफिसात तासावर काम. गावाकडं ई-पीक पाहणीला, म्हणजे शेतातल्या पिकाची मोबाईलवर नोंद करायला, सहायक घेतात, प्लॉटमागं मानधन, ज्याला शिवार माहीत त्याला हे सोपं.

आणि जून-जुलैत आमच्यासारख्या दुकानांना माणसं कमी पडतात. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले, त्यात सीईटीचे राउंड, दाखले, शिष्यवृत्ती, रांग पार रस्त्यावर जाते. ज्याला दोन्ही भाषांत टाइप करता येतं आणि फोटो दोनशे केबीच्या आत बसवता येतो त्याला मी संध्याकाळचे तीन तास फॉर्ममागं पैसे देऊन बसवतो. महिन्याला पंचवीस हजार होत नाहीत. मेसचा महिना निघतो.

गेवराईवालं पोरगं यंदा जूनपासून माझ्याकडंच दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसतंय. पहिल्याच दिवशी त्यानं एका पोरीच्या फॉर्मवर सहीच्या जागी फोटो आणि फोटोच्या जागी सही चढवली, ते दुरुस्त करता करता रात्रीचे दहा वाजले. हा मेसेज चौथ्या ग्रुपवरून आला तो त्यानंच मला दाखवला. बोटानं खाली सरकवत होतं, मग थांबलं आणि म्हणालं, दादा, पहिल्या नंबरची लिंक बघा की, ही आपलीच कंपनी.